पाळण्यात दिसलेले पाय



इतिहासाच्या व्याख्यानाला शर्यतीच्या घोड्यांचा विषय घेतलेला पाहून आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसून पत्रिका पुन्हा वाचली असेल. आपल्या इतिहासात घोडा येतो तो पाठीवर एखादा वीर घेऊन. ज्याने लढाईचा धुरळा कधी पाहिला नाही, ज्याच्यावर फक्त लोकांनी पैसे लावले, आणि ज्याने ते बुडवले, अशा घोड्याला कसला इतिहास? पण मला वाटते, माणूस कशाकशावर भरवसा ठेवतो आणि तो भरवसा फसला म्हणजे दोष कोणाच्या माथी मारतो, हाही इतिहासाचाच भाग आहे. तो पाहायचा तर घोड्याच्या शर्यतीसारखी जागा नाही. तिथे भरवशाला आकडा असतो आणि निकाल दोन-अडीच मिनिटांत लागतो.

आपल्या भाषेत या विषयावरच्या दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. एक म्हणते, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरी म्हणते, भरवशाच्या म्हशीला टोणगा. आज त्यांचा खटला आपण इंग्लंडातल्या एका मैदानावर चालवू. पक्षकारांत एक मराठी नाव आहे, म्हणून तो आपल्याला अगदीच परका नाही.

आधी या व्यवहाराची रीत सांगतो. शर्यतीच्या घोड्यांची जी शुद्ध जात म्हणतात, तिच्यातल्या सगळ्या घोड्यांची पितृपरंपरा सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात गेलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोचते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या वंशावळीची पोथी छापली जाते. आपल्याकडे नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत सात पिढ्या सापडाव्यात, तशा तिथे घोड्याच्या तीस-तीस पिढ्या सापडतात. आणि बाजार भरतो तो या पोथीच्या जोरावर. शिंगरू एक-दीड वर्षाचे झाले की लिलावात उभे करतात. त्याच्या पाठीवर अजून खोगीर चढलेले नसते, ते कसे पळेल हे कोणीही पाहिलेले नसते. विकत घेणारा बाप कोण, आई कोण, भावंडांनी काय केले एवढे पाहतो, आणि शिंगराचे पाय निरखतो. म्हणजे अक्षरशः पाळण्यातले पाय पाहून सौदा होतो. पुढे दोन वर्षांचा होताच घोडा पळू लागतो, आणि तीन वर्षांचा झाला की मोठ्या शर्यतींची घोडामैदाने येतात. त्यांपैकी न्यूमार्केटची ‘टू थाउजंड गिनीज’ एक मैलाची. १७८० साली सुरू झालेली एप्समची डर्बी दीड मैलाची. शेवटची ‘सेंट लेजर’ पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. हे आकडे लक्षात ठेवा, खटल्याचा निकाल त्यांच्यावर आहे.

आता १९४५ साल. महायुद्ध संपत आले होते. एप्समवर डर्बी होऊ शकत नव्हती, ती न्यूमार्केटला झाली आणि दांते नावाच्या घोड्याने जिंकली. हा दांते लहानपणी लिलावात उभा केला होता, पण मालकाला हवी ती किंमत न आल्यामुळे घरी परत आला होता. त्याला एक सख्खा धाकटा भाऊ होता. बाप तोच, नेअरको. आई तीच, रोझी लेजंड. थोरला डर्बी जिंकून बसलेला, आणि धाकटा त्याच वर्षी लिलावात आला. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी त्याला २८,००० गिनी देऊन घेतले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळच्या दराने ही रक्कम ३ लाख ९२ हजार रुपये होते. एका वर्षाच्या शिंगराला इंग्लंडात एवढी किंमत तोवर कधी आली नव्हती. महाराजांनी त्याचे नाव आपल्या आजोबांवरून ठेवले : सयाजीराव. घोडे ठेवायला न्यूमार्केटमधली ‘वॉरन प्लेस’ नावाची वास्तूही त्यांनी विकत घेतली. हे नावही लक्षात असू द्या, पुढे लागेल.

एक गोष्ट मात्र त्या लिलावात कोणी विचारात घेतली नसावी. १८८६ साली फ्रान्सिस गॉल्टनने माणसांच्या उंचीची मोजमापे करून दाखवले होते, की फार उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांएवढी नसतात, मधल्या मापाकडे झुकतात. गुणांचेही पुष्कळदा असेच होते. थोरला असामान्य निघाला, म्हणून धाकटा चांगला निघण्याचा संभव वाढतो, पण तो थोरल्याइतकाच असामान्य निघेल असे नाही. बाजार मात्र थोरल्याच्या कीर्तीची किंमत धाकट्यावर लावतो.

त्याच सुमारास दुसऱ्या एका पागेत एक वेगळाच घोडा तयार होत होता. त्याचे नाव ट्यूडर मिन्स्ट्रेल. त्याचा बाप ओवेन ट्यूडर १९४१ ची डर्बी जिंकलेला. आईचा बाप सॅन्सोव्हिनो १९२४ ची डर्बी जिंकलेला. घोडा तयार करणारे फ्रेड डार्लिंग, त्या काळचे इंग्लंडातले मोठे वस्ताद. आणि स्वार गॉर्डन रिचर्ड्स, ज्यांच्या नावाची ख्याती घरोघर होती. दोन वर्षांचा असताना हा घोडा चार वेळा पळाला आणि चारही वेळा जिंकला. तीन वर्षांचा झाल्यावर एक साधी शर्यत जिंकून तो गिनीजला उतरला. ती त्याने आठ लांब्यांनी जिंकली. आठ लांबी म्हणजे दुसरा घोडा आणि तो यांच्यामध्ये आठ घोडे एकापुढे एक उभे राहतील एवढे अंतर! मोठ्या शर्यती मानेच्या, नाकाच्या अंतराने जिंकल्या-हरल्या जातात, हे लक्षात घेतले तर लोक का वेडे झाले ते कळेल. आपला सयाजीराव याच शर्यतीत तिसरा आला. त्याच्याकडे त्या दिवशी कोण पाहणार?

लोकांचे वेड नुसते घोड्यापुरते नव्हते, स्वारासाठीही होते. गॉर्डन रिचर्ड्स यांनी हजारो शर्यती जिंकल्या होत्या, वर्षानुवर्षे ते पहिल्या क्रमांकाचे स्वार होते, पण डर्बी त्यांना एकदाही मिळाली नव्हती. १९४२ साली राजाच्या वतीने पळणारा, तोवर एकदाही न हरलेला ‘बिग गेम’ नावाचा घोडा त्यांच्याकडे होता, तो सहावा आला. आता या वर्षी मात्र दैवाने हात दिला असे सर्वांना वाटले. ट्यूडर मिन्स्ट्रेलचा भाव साताला चार झाला. म्हणजे सात रुपये लावावेत, तर नफा चारच मिळायचा. सट्टेवाल्यांच्या भाषेत याचा अर्थ शर्यत पळायच्या आधीच संपलेली होती.

शर्यतीचा दिवस ७ जून १९४७, शनिवार. आपल्याला या तारखेवरून दुसरेच काही आठवेल. चारच दिवस आधी, ३ जूनला, हिंदुस्थानच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. बडोदा संस्थानचे पुढे काय, हा प्रश्न दारात उभा होता. आणि त्या शनिवारी एप्समच्या हिरवळीवर बडोद्याच्या महाराजांचा सयाजीराव, आगाखानांचा मिगोली आणि बाकीचे घोडे रांगेत उभे राहत होते. एक साम्राज्य आवरले जात असताना त्याची सर्वांत थाटाची शर्यत चालू होती.

आता एप्समचे मैदान कसे आहे ते पाहा. आधी चढ आहे, मग उतार, आणि उतारावरच डावीकडे एक अवघड वळण. त्याला ‘टॅटनम कॉर्नर’ म्हणतात. वळण उतरून शेवटच्या सरळ पट्ट्यात आले तरी जमीन डावीकडे कललेली. न्यूमार्केटची गिनीज सरळ धावपट्टीवर होते. तिथे डोके खाली घालून भरधाव निघणे पुरते. एप्समला घोड्याने तोल सांभाळायचा, मान द्यायची, आणि दम राखून ठेवायचा.

ट्यूडर मिन्स्ट्रेलने यांपैकी काहीच केले नाही. सुरुवातीपासून घोडा आणि स्वार यांची झटापट चालली. स्वार म्हणे सबुरीने, घोडा म्हणे आत्ताच. तो मान झटकीत होता, लगामाशी भांडत होता, रस्ता डावीकडे वळे आणि तो उजवीकडे ओढ घेई. आपली सारी ताकद त्याने पहिल्या मैलात आपल्याच स्वाराशी लढण्यात खर्च केली. शेवटच्या पट्ट्यात वेळ आली तेव्हा पदरात काही उरले नव्हते. फ्रान्सहून आलेला, एकास चाळीस भावाचा, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला ‘पर्ल डायव्हर’ चार लांब्यांनी जिंकला. मिगोली दुसरा. तिसरा सयाजीराव. आणि साताला चारचा ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा.

अशा वेळी लोक काय करतात? आधी स्वाराला बोल लावतात. गॉर्डन रिचर्ड्स यांच्या नशिबात डर्बी नाही, त्यांनी घोडा धरून ठेवला, सोडला असता तर जिंकला असता, असे सगळे त्यांनी ऐकून घेतले. याच १९४७ साली त्यांनी एका हंगामात २६९ शर्यती जिंकल्या, आणि तो विक्रम पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती न जिंकलेली एक. स्वारानंतर घोड्याला बोल. त्याला दम नाही, तो नुसता दिखाऊ, भरवशाची म्हैस!

खरे काय होते? थोड्याच दिवसांत ट्यूडर मिन्स्ट्रेल पुन्हा एक मैलाच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. मग सव्वा मैलाची ‘एक्लिप्स’ आली, तीत मिगोलीने त्याला मागे टाकले. पुन्हा मैलाची शर्यत, पुन्हा विजय. सगळ्या आयुष्यात तो दहा वेळा पळाला, आठ वेळा जिंकला आणि दोनदाच हरला. ते दोन्ही पराभव एका मैलापुढचे. घोड्यांना गुण देणाऱ्या ‘टाइमफॉर्म’ या ग्रंथमालेने त्याला १४४ गुण दिले. त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत सपाट मैदानावरच्या शर्यतींतले दोनच घोडे त्याच्या वर गेले आहेत. ज्याला जगाने फसलेला घोडा म्हटले, तो एका मैलापुरता जगातल्या सर्वोत्तम घोड्यांपैकी होता. अपयश होते ते पुढच्या अर्ध्या मैलाचे, आणि तो अर्धा मैल त्याच्यासाठी दुसऱ्यांनी निवडला होता.

पोथीने तर सांगितले होते की बाप डर्बीवाला, आजा डर्बीवाला, तेव्हा दम असणारच! पोथी खोटी नव्हती, पण पोथी घराण्याची असते, घोडा एकटा असतो. २०१० साली डब्लिनच्या विद्यापीठातील एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या स्नायूंच्या वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकाचे दोन प्रकार दाखवून दिले. एक प्रकार दोन्हीकडून आला तर घोडा लवकर भरतो आणि थोड्या अंतरात वेगाने जातो. दुसरा दोन्हीकडून आला तर तो उशिरा पिकतो आणि लांब पल्ल्याला टिकतो. दोन्ही प्रकारांची मिसळ झाली तर मधल्या पल्ल्याचा. ज्या आईबापांत अशी मिसळ असते, त्यांची सख्खी भावंडेसुद्धा निरनिराळी निघू शकतात. घोड्याचा सारा स्वभाव या एका जनुकात नसतो हे खरे. पण वंशावळीत आजोबांचे नाव असले, तरी आजोबांची कोणती वस्तू नातवाच्या वाट्याला आली हे तीत लिहिलेले नसते, एवढे त्यातून निश्चित कळते.

आता सयाजीरावाकडे वळू. २८,००० गिनींचा घोडा डर्बीत तिसरा! थोरल्या दांतेशी तुलना करून त्यालाही निराशेच्या खात्यात टाकायला लोक तयार होते. पण त्याच्या मालकाने आणि वस्तादाने घाई केली नाही. जसजसे अंतर वाढत गेले, तसतसा तो उजळत गेला. आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली. आणि सप्टेंबर १९४७ मध्ये, एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन स्वाराने त्याला सेंट लेजरमध्ये उतरवले, ती लांब पल्ल्याची कसोटीही त्याने अगदी थोड्या अंतराने जिंकली. गिनीजमध्ये ज्याच्याकडे कोणी वळून पाहिले नव्हते, तो वर्षाच्या शेवटी एक मोठी शर्यत नावावर घेऊन उभा होता. त्या दिवशी हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिना होत आला होता.

आणि गॉर्डन रिचर्ड्स? त्यांना आणखी सहा वर्षे थांबावे लागले. १९५३ च्या जूनमध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहण सोहळ्यानंतर चारच दिवसांनी, अठ्ठाविसाव्या प्रयत्नात त्यांनी डर्बी जिंकली, तीही राणीच्याच घोड्याला दुसऱ्या क्रमांकावर टाकून. घोड्याचे नाव पिंझा. मोठ्या हाडापेराचा, थोराड घोडा. तो जन्माला घातला होता त्याच फ्रेड डार्लिंग यांनी, आणि शिंगरू असताना तो विकला होता १,५०० गिनींना! घेणारे सर व्हिक्टर ससून, म्हणजे ज्यांच्या घराण्याचे नाव मुंबईच्या गोदीला आणि पुण्याच्या इस्पितळाला आहे त्या कुळातले. डार्लिंग तेव्हा आजारी होते. ही बातमी आली आणि दोन-चार दिवसांतच ते वारले. अठ्ठावीस हजारांच्या घोड्याला न मिळालेली डर्बी पंधराशेच्या घोड्याने नेली.

यावरून बाजार शहाणा झाला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. पुढे रंगभूमी अमेरिकेत गेली. कॅनडातला ‘नॉर्दर्न डान्सर’ हा बुटका घोडा शिंगरू असताना २५,००० डॉलरला कोणी घेतला नव्हता. त्याने १९६४ ची केंटकी डर्बी जिंकली. मग त्याच्या पोरांवर लोक तुटून पडले. १९८३ साली त्याचा मुलगा ‘स्नाफी डान्सर’ १ कोटी २ लाख डॉलरला गेला. तो इतका मंद निघाला की त्याला एकदाही शर्यतीत उतरवले नाही, आणि पैदाशीला ठेवला तर तिथेही त्याला जेमतेम चार पिल्ले झाली. १९८५ साली ‘सिॲटल डान्सर’ १ कोटी ३१ लाखांना गेला, कारण त्याचा सावत्र भाऊ ‘सिॲटल स्लू’ याने १९७७ साली अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकला होता. धाकट्याने चांगल्या दोन शर्यती जिंकल्या, पण किमतीच्या मानाने ते काहीच नव्हते. आणि तो थोरला लिलावात कितीला गेला होता? साडेसतरा हजार डॉलरला. २००६ साली ‘ग्रीन मंकी’ नावाच्या दोन वर्षांच्या घोड्याने विक्रीआधीच्या चाचणीत एक फर्लांग ९.८ सेकंदांत कापला, आणि १ कोटी ६० लाख डॉलरला गेला. तो तीनदा पळाला, एकदाही जिंकला नाही, आणि एकूण कमाई झाली १०,४४० डॉलर. फर्लांगभर पळून दाखव म्हटले, त्याने दाखवले. बाकीचे सगळे विकत घेणाऱ्यांनी मनात धरले होते.

म्हणून काय वंशावळ फेकून द्यावी? तसे मी म्हणत नाही. शंभर शिंगरे घेतली, तर चांगल्या घराण्यातली शंभर वाईट घराण्यातल्या शंभरांपेक्षा सरस निघतील, यात शंका नाही. चूक होते ती शंभरांचा न्याय एकाला लावताना. आणि त्याहून मोठी चूक होते ती त्या एकाचा पल्ला त्याला न विचारता ठरवताना.

ही दुसरी चूक एकाने टाळली, तेवढे सांगून आवरते घेतो. २०११ साली गिनीज शर्यत ‘फ्रँकेल’ नावाच्या घोड्याने सहा लांब्यांनी जिंकली. ट्यूडर मिन्स्ट्रेलनंतर एवढे अंतर कोणी टाकले नव्हते. साऱ्या जगाची अपेक्षा होती की आता डर्बी. पण त्याचे वस्ताद हेन्री सेसिल आणि मालक यांनी त्याला एप्समला पाठवलेच नाही. हा घोडाही तापट होता, जोरात ओढणारा होता. त्याला मैलाच्या आसपास ठेवले, शांत व्हायला वेळ दिला, आणि पुढच्या वर्षी हळूच सव्वा मैलावर नेले. तो चौदा वेळा पळाला आणि चौदाही वेळा जिंकला. टाइमफॉर्मने त्याला १४७ गुण दिले. हा घोडा ज्या पागेत वाढला, तिचे नाव ‘वॉरन प्लेस’. एके काळी बडोद्याच्या महाराजांनी घेतलेली तीच.

शेवटी त्या नावापाशी येतो. ज्या सयाजीरावांचे नाव घोड्याला दिले, ते बडोद्याच्या पाळण्यात जन्मले नव्हते. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर दत्तकासाठी मुलगा शोधण्यात आला. नाशिककडच्या कवळाणे गावातल्या, दूरच्या शाखेतल्या शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला. अक्षरओळखही जेमतेम. त्याचे पाय कोणत्या पाळण्यात कोणी पाहिले होते? सहा वर्षे त्याला शिकवले, घाई केली नाही, आणि १८८१ साली कारभार हाती दिला. त्याने पुढे १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण जाणताच. उलट त्यांचे नातू प्रतापसिंहराव हे वडील वारल्यामुळे अक्षरशः पाळण्यातच वारस ठरले होते. त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता भारत सरकारने १९५१ साली काढून घेतली. एकाच घराण्यात दोन्ही म्हणी खऱ्या ठरल्या, आणि दोन्ही खोट्याही.

घरोघर मुले आहेत. कोणाचा थोरला गाजलेला असतो, धाकट्याकडे बोट दाखवले जाते. कोणाचे आजोबा मोठे होऊन गेलेले असतात, नातवाच्या पाठीवर ते नाव खोगिरासारखे चढवले जाते. तो थकून चौथा आला की आपण म्हणतो, याने आमची निराशा केली. ट्यूडर मिन्स्ट्रेलने कोणालाही वचन दिले नव्हते. वचने दिली होती ती त्याच्या वतीने आपणच, एकमेकांना. पाय पाळण्यात दिसतातही कदाचित, पण ते किती अंतर चालणार आहेत हे पाळण्यात दिसत नाही. ते कळायला चालू द्यावे लागते, आणि बरोबरीने थोडे चालावेही लागते.